नौबत आणि जिंकलेल्या स्थळाचा काळ

बीड जिल्ह्यांतील धारूरचा किल्ला आदिलशाही, निजामशाही व मोगल अशा तीन सत्तांच्या हातीं फिरला. १६३१ सालीं तो मोगलांनीं घेतला. अशा स्थळांच्या कागदपत्रांत निशाण, तोफा व शिक्के यांकडे संशोधकाचें लक्ष जातें. नौबतीचा उल्लेख मात्र उत्सवाचें वर्णन समजून सोडला जातो. आमच्या मतें तो राजकीय पुरावा होय.

नौबत म्हणजे मूळ अर्थानें पाळी. ठराविक वेळीं वाजे म्हणून वाद्यमेळासच तें नांव पडलें. आईन-इ-अकबरींत अकबराच्या नक्कारखान्याची मोजदाद आहे: दमाम्यांच्या सुमारें १८ व नगाऱ्यांच्या सुमारें २० जोड्या, ढोल ४, कर्णे किमान ४, सनया ९, झांजांच्या ३ जोड्या. त्याहून महत्त्वाची नोंद वेळेची आहे. पूर्वीं रात्र पडण्याआधीं व उजाडण्याआधीं चार घटका वाजणारी नौबत अकबराच्या अमलांत मध्यरात्रीं व पहाटे वाजूं लागली. प्रजेचा प्रहर पालटल्याचें सांगण्याचा अधिकार राजाचा, असा याचा अर्थ. म्हणूनच मनसबदारास नगारा बादशहाकडून मिळावा लागे. मराठेशाहींतही जरीपटका व साहेबी नौबत हा मोठ्या सरदारांचा बहुमान असे. देवळांत चौघडा झडतो, तोही देवास राजा मानूनच.

एकोणिसाव्या शतकांत याच जिल्ह्यांत दुसरा सूर आला. मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. या फौजेच्या खर्चासाठीं १८५३ च्या तहानें निजामाचा वऱ्हाड वगैरे मुलूख लावून घेण्यांत आला; हुकूम मात्र इंग्रज अंमलदारांचा. इंग्रजी छावणीचा दिवस बिगुलावर चाले. शिपायांस सायंकाळीं परत बोलाविणाऱ्या ढोलाच्या इशाऱ्यास इंग्रज 'टॅटू' म्हणत. पिंपाची तोटी बंद करा, अशा अर्थाच्या डच शब्दांवरून तें नांव आलें. पुढें त्याच नांवाचे लष्करी वाद्योत्सव होऊं लागले. १९४५ नंतर चार विजेत्या राष्ट्रांत वांटल्या गेलेल्या बर्लिन शहरांतही इंग्रज फौजेनें ते भरविले. इशाऱ्याचा सोहळा झाला, तरी सांगणें तेंच: येथील वेळ आम्ही ठरवितों.

सबब आमची संग्राहकांस विनंति आहे कीं, नगारखान्याची नेमणूक, नगारे मढविण्याचा खर्च, वाजंत्र्यांचें इनाम असे कागद दिसल्यास ते फुटकळ जमाखर्च म्हणून टाकूं नयेत. सत्ता पालटली तेव्हां नगाऱ्यावरचे हात तेच राहिले कीं नवे आले, हें बखरींपेक्षां अशा चिठोऱ्यांतूनच कळण्याचा संभव अधिक.