ब्रेक किंचाळतो तेव्हा

परभणीत मोटार बाळगणाऱ्या कुणालाही विचारा, ब्रेकची एखादी तक्रार त्याच्याजवळ असतेच. सकाळी गाडी फाटकाबाहेर काढली की पहिल्याच वळणावर कर्रर्र आवाज. गॅरेजात नेली की तो आवाज गायब. आणि मिस्त्रीने पॅड बदलायला सांगितले, की आकडा ऐकून मालकाचाच आवाज चढतो. चाळीस-बेचाळीस वर्षे हे अनुभव घेतल्यावर मला वाटू लागले की या कर्कश आवाजालाही इतिहास असला पाहिजे. शोधायला गेलो तर तो चांगला सव्वाशे वर्षांचा निघाला.

माझी पहिली गाडी 1982 साली घेतलेली जुनी फियाट. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण बोलताना सगळे फियाटच म्हणत. तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी डबडे. त्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू असतात. पाय दाबला की ते बाहेर फाकतात आणि त्यांच्यावरचे लायनर ड्रमला घासून चाक थांबवते. लायनर झिजले की मिस्त्री शू काढायचा, जुन्या रिबिटा ठोकून पाडायचा, नवे लायनर नव्या रिबिटांनी बसवायचा आणि कडा कानशीने घासून द्यायचा. शू तेच, ड्रम तोच. पैसे जायचे ते लायनरचे आणि मजुरीचे. आळस केला तर मात्र रिबिटांची डोकी ड्रमला चरे पाडत. मग ड्रम लेथवर चढवावा लागे आणि स्वस्ताई तिथेच संपे.

आपला जिल्हा बहुतांश सपाट, गोदावरीकाठचा. घाटातल्या गाड्यांसारखे ब्रेक इथे तापत नाहीत. पण पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरे आणि पलीकडच्या काठावर ब्रेक लागतच नसे. मग ब्रेकवर हलका पाय ठेवून फर्लांगभर गाडी हळूहळू चालवायची, म्हणजे लायनर तापून वाळे. एकदा जिंतूरजवळच्या नेमगिरीहून परतताना हे विसरलो आणि समोर बैलगाडी आली. बैल शहाणे होते, बाजूला झाले.

आता थोडे मागे जाऊ. 1888 साली जर्मनीत बर्था बेंझ ही बाई, नवऱ्याने बनवलेली मोटार त्याला न सांगता घेऊन, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झाइमला माहेरी गेली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने वाटेतल्या मोच्याकडून त्यांच्यावर चामडे ठोकून घेतले. मोटारीला ब्रेक लायनर बसले ते असे. म्हणजे लायनर बदलण्याचा पहिला खर्च मोच्याच्या दुकानात झाला, आणि तोही एका बाईने केला. पुरुषांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

नंतर इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने डर्बीशायरच्या चढउतारांवर गाडीवान चाकाला जुने बूट लावून गाड्या रोखतात हे पाहिले, असे सांगतात. 1897 साली त्याने ब्रेकसाठी नवे घर्षणसाहित्य बनवायला सुरुवात केली. फेरोडो हे नाव त्याच्याच नावातून निघाले. 1902 साली लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यात चकतीला दोन्ही बाजूंनी तांब्याचे तुकडे चिमटत असत, आणि धातूवर धातू घासून ती गाडी अक्षरशः किंचाळे. आपल्या मोटारींचे किंचाळणे हे डिस्क ब्रेकचे जन्मजात लक्षण आहे, ते असे. फ्रूडने त्या तुकड्यांवर अस्बेस्टॉसचे आवरण चढवले आणि आवाज आटोक्यात आला.

अस्बेस्टॉस! तापले तरी जळत नाही, विणता येते, स्वस्त. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगभरच्या लायनरमध्ये हेच तंतू होते. आपल्याकडेही होते.

आता माझ्या मिस्त्रीबद्दल. ड्रम उघडला की आत काळसर धूळ साचलेली असे. तो वाकून ती तोंडाने फुंकायचा. डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे मिटायचा, श्वास मात्र तिथेच घ्यायचा. फार साचली असेल तर हवेचा पाइप. गॅरेजभर धूळ उडायची. मी शेजारी बाकड्यावर चहा पीत बसलेलो असे, आणि काम लवकर झाले म्हणून खूश. या तंतूंमुळे होणारे फुप्फुसाचे आजार आणि कर्करोग वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी उगवतात. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली अस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याबद्दल महत्त्वाचा निकाल दिला, पण तो कारखान्यांतल्या आणि खाणींतल्या कामगारांसाठी होता. चिंचेखालचे गॅरेज कोणत्याच नोंदवहीत नसते. ब्रिटनने 1999 साली अस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. त्या साली मी दुसऱ्या गाडीची लायनर ठोकून घेत होतो.

मधल्या काळात डिस्क ब्रेक परत आला होता. 1953 साली ल मॉंच्या शर्यतीत जॅग्वारने तो लावून बाजी मारली आणि मग जगाने तो उचलला. आपल्याकडे तो मुख्यतः मारुतीच्या जमान्यात, पुढच्या दोन चाकांना आला. पाणी लागले तरी लवकर वाळतो, तापला तरी उघड्या हवेत निवतो. ओढ्याची भीती गेली. पण पॅड ठोकून घेता येत नाही, अख्खा बदलावा लागतो, आणि एका चाकाचा बदलून भागत नाही, दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. इथे गाडीमालकाची खरी कुरकुर सुरू झाली. दुरुस्तीची सवय लागलेल्या माणसाला फेकून देणे पटत नाही.

आवाजाचे म्हणाल तर सगळे आवाज सारखे नसतात. पावसानंतर डिस्कवर हलका गंज धरतो. सकाळी दोन-चार ब्रेक मारले की तो घासून जातो आणि आवाज थांबतो. काळ्या रानातला चिखल पॅडमध्ये अडकला तरी असेच होते. पण गाडी चालताना बारीक शीळ सतत येऊ लागली, तर बऱ्याच पॅडांना मुद्दाम बसवलेली पोलादी पट्टी बोलत असते. पॅड दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते. मी एकदा ती शीळ आठ महिने ऐकली. शेवटी पॅडही गेले आणि डिस्कही, आणि बिल पाहून मी तो कागद घरात कुणाला दाखवला नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा पॅड बदलले. खोक्यावर अस्बेस्टॉसविरहित असे छापलेले होते. पोराने चाक काढले, कॅलिपर उघडला आणि सवयीने तोंड पुढे नेले. मी म्हणालो, ''थांब रे बाळा, ओल्या फडक्याने पूस.'' तो म्हणाला, ''काका, आता त्यात तसलं काही नसतंय.'' मी म्हणालो, ''तरीपण पूस.'' त्याने माझ्याकडे पाहिले, बादलीत फडके बुडवले आणि पिळले.