हंगामाबाहेरचा सराव : अमेरिकी माध्यमिक शाळांतील एका निर्बंधाचा इतिहास

अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या क्रीडा संघटनांची नियमपुस्तके चाळू लागल्यास बाहेरच्या वाचकास एक गोष्ट चमत्कारिक वाटते. खेळ कसा खेळावा याच्या नियमांबरोबरच सराव केव्हा करू नये याचे नियमही तेथे मोठ्या तपशिलाने दिलेले असतात. कोणत्या तारखेपूर्वी संघाने मैदानावर उतरावयाचे नाही, सुटीत प्रशिक्षकाने एका वेळी किती विद्यार्थ्यांना शिकवावे, कोणत्या पंधरवड्यात शाळेच्या व्यायामशाळेचे दार उघडावयाचे नाही, अशी ही कलमे आहेत. मुले मैदानावर येत नाहीत ही आपल्याकडील शिक्षकांची नेहमीची तक्रार. तेथे मुलांना मैदानापासून काही काळ दूर ठेवण्यासाठी नियम करावे लागले. प्रस्तुत लेखात या बिगरहंगामी सरावावरील निर्बंधांचा मागोवा घेतला आहे. हे निर्बंध बव्हंशी समतेच्या नावाने समर्थिले गेले. मात्र भोवतालची परिस्थिती पालटल्यावर त्यांनीच विषमतेस हातभार लावला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हंगामाची घडण

फारसीतून आलेला ‘हंगाम’ हा शब्द मराठीत शेतीच्या अंगाने रुजला. पिकाचा हंगाम निसर्ग ठरवितो. शालेय खेळाचा हंगाम मात्र माणसांनी ठरविलेला असतो, आणि तो कोणी ठरवावयाचा हाच या इतिहासातील पहिला प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी शाळांतील खेळ बहुतांशी विद्यार्थीच चालवीत. संघ तेच जमवीत, सामने तेच ठरवीत. प्रसंगी शाळेत नाव नसलेला धट्टाकट्टा तरुणही संघात दाखल होई. या अनागोंदीस आळा घालण्यासाठी मुख्याध्यापकांनी राज्यपातळीवर संघटना उभारण्यास आरंभ केला. इंडियाना राज्याची संघटना 1903 मध्ये स्थापन झाली. टेक्सासमध्ये 1910 साली वादविवाद स्पर्धांसाठी स्थापन झालेल्या मंडळातून पुढे राज्य विद्यापीठाच्या छत्राखाली ‘युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग’ उभी राहिली. मध्यपश्चिमेकडील राज्यांच्या संघटनांनी 1920 मध्ये शिकागो येथे एकत्र येऊन जो महासंघ स्थापन केला, तोच आजच्या राष्ट्रीय महासंघाचा पूर्वज होय. राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या आयोगाने 1918 मध्ये माध्यमिक शिक्षणाची जी सात उद्दिष्टे सांगितली, त्यांत आरोग्य, नागरिकत्व आणि फावल्या वेळाचा सदुपयोग यांचा समावेश होता. खेळ हा शिक्षणाचा भाग आहे असे एकदा मान्य केल्यावर त्याचे वेळापत्रक शाळेने आखावे हे ओघानेच आले.

शरद ऋतूत फुटबॉल, हिवाळ्यात बास्केटबॉल, वसंतात बेसबॉल व मैदानी स्पर्धा अशी वर्षाची वाटणी रूढ झाली. (येथे फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण व कवचे चढवून खेळावयाचा अमेरिकी फुटबॉल, हे लक्षात ठेवावे.) या वाटणीमागे व्यवहारही होता. व्यायामशाळा एकच, प्रशिक्षक बहुधा वर्गावर शिकविणारा शिक्षकच, आणि लहान गावात चांगला खेळाडू तिन्ही संघांना हवा असलेला. एका प्रशिक्षकाने त्यास वर्षभर अडकवून ठेवले तर उरलेले दोन संघ ओस पडावयाचे. बिगरहंगामी सरावावरील निर्बंध हा काही अंशी एकाच शाळेतील प्रशिक्षकांमधील तहनामा होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

हंगाम किती कृत्रिम असू शकतो हे मिशिगनच्या उदाहरणावरून दिसते. तेथे मुलांचे बास्केटबॉल इतर राज्यांप्रमाणे हिवाळ्यात होई. मुलींचे मात्र शरदात ढकलले होते आणि मुलींचे व्हॉलीबॉल हिवाळ्यात. मोकळी मैदाने व सभागृहे आधी मुलांना आणि मग उरेल तो काळ मुलींना, असा हा प्रकार. पालकांच्या एका गटाने याविरुद्ध दावा लावला. संघीय न्यायालयाने 2001 मध्ये ही व्यवस्था मुलींवर अन्याय करणारी ठरविली. अपिले होत होत 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि 2007-08 या वर्षापासून हंगाम बदलले.

उन्हाळी शिबिर आणि पालकांचा अधिकार

उन्हाळ्याची दीर्घ सुटी हा या साऱ्या व्यवस्थेतील मोकळा प्रदेश. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे खाजगी प्रशिक्षण शिबिरे उभी राहिली. शुल्क भरावे, नामवंत प्रशिक्षकाकडून शिकावे आणि शरदात शाळेच्या संघात परतावे, असा क्रम सुरू झाला. टेक्सासच्या लीगने यावर कठोर उपाय योजला : अशा प्रशिक्षण शिबिरास हजेरी लावणारा विद्यार्थी वर्षभर शाळेच्या मुख्य संघातून खेळण्यास अपात्र ठरे.

या नियमास काही पालकांनी आव्हान दिले. ‘काइट विरुद्ध मार्शल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यातील त्यांचे म्हणणे सरळ होते. सुटीत आमच्या मुलाने काय करावे हे आम्ही ठरवू. मुलांचे संगोपन हा पालकांचा मूलभूत अधिकार असून शाळेच्या संघटनेस घराच्या उंबऱ्याआत येण्याचे कारण नाही. जिल्हा पातळीवरील संघीय न्यायालयाने 1978 मध्ये पालकांचे म्हणणे उचलून धरले. पाचव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने 1981 मध्ये तो निर्णय फिरविला. मुलास क्रीडा शिबिरास पाठविणे ही संगोपनाच्या मूलभूत अधिकाराच्या कक्षेतील बाब नाही, असे या न्यायालयाने मानले. त्यामुळे नियमामागे काही वाजवी हेतू आहे काय एवढेच पाहावयाचे उरले, आणि तसे हेतू न्यायालयास सापडले. अतिउत्साही प्रशिक्षक, पालक व गावकरी यांना आवर घालणे, विद्यार्थ्यांवरील ताण कमी करणे, आणि शिबिराचा खर्च परवडणारे व न परवडणारे यांच्यात स्पर्धेचा समतोल राखणे, हे ते हेतू होत.

यांतील अखेरचा हेतू महत्त्वाचा. ज्याच्या बापाकडे पैसे आहेत तो जुलैत शिकून येईल आणि ज्याला सुटीत काम करून चार पैसे मिळवावयाचे आहेत तो मागे पडेल, ही भीती खरी होती. हा नियम एका विशिष्ट विद्यार्थ्यास अन्यायकारक वाटला तरी राज्यातील असंख्य अनामिक विद्यार्थ्यांच्या बाजूने होता, असे मला वाटते. पण तो टिकण्यास एक अट होती : शाळेचा संघ हाच मुलाच्या खेळाचा एकमेव मार्ग असला पाहिजे. तरच अपात्रतेची धमकी परिणामकारक ठरते. टेक्सासमधील हा निर्बंध पुढे शिथिल झाला.

एक पत्र, दोन निकाल

एप्रिल 1997 मध्ये टेनेसी राज्यातील ‘ब्रेंटवूड अकॅडमी’ या खाजगी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने आठवीतील काही मुलांना पत्र धाडले. या मुलांचा पुढील वर्षीचा प्रवेश निश्चित झाला होता, परंतु ती त्या वेळी अन्य शाळांत शिकत होती. वसंतातील सरावास यावे, साहित्य वाटले जाईल, लवकर सहभागी होणे तुमच्याच हिताचे ठरेल, असा पत्राचा आशय होता. राज्य संघटनेच्या मते शाळेत प्रत्यक्ष तीन दिवस हजर राहिल्याखेरीज विद्यार्थी त्या शाळेचा होत नसे. म्हणून हे पत्र म्हणजे परक्या शाळेतील खेळाडू ओढण्याचा प्रयत्न ठरला. शिक्षा जबर होती. चार वर्षे परिवीक्षा, 3,000 डॉलर दंड, आणि फुटबॉल व मुलांचे बास्केटबॉल या दोन्ही संघांना दोन वर्षे बाद फेरीच्या स्पर्धांतून बंदी.

एका वसंत सरावाच्या आमंत्रणावरून उद्भवलेला हा तंटा दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेला. पहिल्या वेळी, 2001 मध्ये, न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरविले की ही संघटना नावाला खाजगी असली तरी तिचे सुमारे 84 टक्के सदस्य सरकारी शाळा असल्याने व तिचा कारभार सरकारी शिक्षणव्यवस्थेशी एकजीव झाल्याने तिची कृती ही राज्याचीच कृती होय. म्हणजे राज्यघटनेची बंधने तिलाही लागू. दुसऱ्या वेळी, 2007 मध्ये, निर्णय संघटनेच्या बाजूने लागला. शाळेने सदस्यत्व स्वेच्छेने स्वीकारले आहे. तेव्हा कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्यांवर प्रशिक्षकांनी थेट दबाव आणू नये असा नियम संघटना करू शकते, त्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग नाही, असे न्यायालयाने म्हटले.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलास भावी प्रशिक्षकाचे पत्र येते तेव्हा सरावास येणे ‘ऐच्छिक’ राहते काय? बिगरहंगामी सरावाविषयीच्या कितीतरी नियमांचा सारा डोलारा या एका शब्दावर उभा आहे. उन्हाळ्यातील व्यायाम ऐच्छिक, खुले मैदान ऐच्छिक. शरदात संघ कोण निवडणार आहे हे मात्र प्रत्येक मुलास ठाऊक असते. म्हणूनच काही राज्यांनी हेतूचा शोध सोडून मोजता येतील अशा गोष्टी मोजल्या. मिशिगनमध्ये दीर्घ काळ असा दंडक होता की शाळा चालू असताना हंगामाबाहेर प्रशिक्षकाने एका वेळी तीन, पुढे चार, खेळाडूंनाच शिकवावे. टेक्सासमध्ये वसंत सराव घेणाऱ्या मोठ्या शाळांना ऑगस्टमधील सराव एक आठवडा उशिरा सुरू करावा लागण्याचा नियम याच जातीचा. केंटकीत 25 जून ते 9 जुलै हा ‘मृत काळ’. त्या पंधरा दिवसांत शाळेच्या प्रशिक्षकांनी खेळाडूंना शिकवावयाचे नाही, शाळेचे मैदान, गणवेश, वाहन वापरावयाचे नाही, शाळेचा पैसाही खर्च करावयाचा नाही. नाव भयंकर असले तरी हेतू प्रशिक्षकासही कुटुंबाबरोबर सुटी मिळावी इतका साधा आहे.

शाळेबाहेरचे मैदान

या सर्व नियमांचा रोख शाळेवर आहे. संघटना आपल्या सदस्य शाळेस शिक्षा करू शकते, क्लबला नव्हे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून नेमकी हीच फट रुंदावली. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, सॉकर, बेसबॉल या खेळांत शुल्क घेऊन वर्षभर चालणारे क्लब व प्रवासी संघ वाढले. शाळेचा प्रशिक्षक, जो बहुधा गणित किंवा इतिहास शिकविणारा शिक्षक आणि ज्याचे मार्गदर्शन विद्यार्थ्यास विनामूल्य मिळते, तो नियमाने बांधलेला. क्लबचा प्रशिक्षक मोकळा. 1981 मध्ये जो नियम गरीब मुलाच्या बाजूने उभा होता, तोच आता त्याच्या एकमेव प्रशिक्षकास सुटीत घरी बसवितो, आणि सधन मुलाचा पालक त्याच काळात दुसरा प्रशिक्षक विकत घेतो. नियमाचा शब्द तोच राहिला, परंतु त्याचा परिणाम उलटला.

सॉकरमध्ये तर पारडे पूर्णच फिरले. राष्ट्रीय सॉकर महासंघाच्या विकास अकादमीने 2012-13 पासून दहा महिन्यांचा हंगाम स्वीकारला आणि आपल्या खेळाडूंना शाळेच्या संघातून खेळण्यास मनाई केली. शिबिरास गेलेल्या मुलास शाळेने अपात्र ठरविण्याचा काळ मागे पडून, शाळेकडून खेळणाऱ्यास अकादमीने दूर ठेवण्याचा काळ आला. ही अकादमी 2020 मध्ये बंद पडली.

शरीराची बाजू

समतेचा आधार असा डळमळीत झाला असता निर्बंधांस नवा आधार वैद्यकाने दिला. फुटबॉलच्या सरावात पाणी न देणे हे एके काळी कणखरपणाचे शिक्षण मानले जाई. टेक्सास ए अँड एम या महाविद्यालयाच्या संघाचे 1954 मधील जंक्शन येथील रणरणत्या उन्हातील शिबिर ही त्याची गाजलेली, आणि दुर्दैवाने गौरविली गेलेली, कथा. ऑगस्ट 2008 मध्ये केंटकीतील लुइव्हिल येथे पंधरा वर्षांचा एक शाळकरी खेळाडू सरावात कोसळला व मरण पावला. त्याच्या प्रशिक्षकावर फौजदारी खटला चालला. 2009 मध्ये तो निर्दोष सुटला. त्याच वर्षी क्रीडा-आरोग्य तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकाराने माध्यमिक शाळांसाठी चौदा दिवसांचा उष्मानुकूलन कार्यक्रम प्रसिद्ध झाला. पहिले पाच दिवस दिवसातून एकच सराव, एकूण तीन तासांच्या आत. पहिले दोन दिवस केवळ शिरस्त्राण, तिसऱ्यापासून खांद्यांची कवचे, आणि सहाव्या दिवसापासून पूर्ण साज.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी लागते. उन्हाळाभर शाळेचे मैदान पूर्ण बंद ठेवले तर घामाची सवय मोडलेली शरीरे ऑगस्टच्या उन्हात एकदम उतरतात. संपूर्ण बंदी ही सुरक्षिततेची हमी ठरत नाही. देखरेखीखालील थोडा व्यायाम अनेकदा अधिक हितकारक असतो.

डोक्याच्या दुखापतींविषयी मात्र असा पेच नाही. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने 2014 मध्ये कायदाच केला आणि तो 1 जानेवारी 2015 पासून अमलात आला. हंगामात व हंगामपूर्व काळात आठवड्यास दोनच वेळा, आणि दिवसास 90 मिनिटांपेक्षा अधिक नाही, एवढाच पूर्ण धडकेचा सराव. हंगामाबाहेर तो पूर्णतः निषिद्ध. जे काम एके काळी मुख्याध्यापकांची संघटना आपसांत ठरवून करी, ते येथे राज्याने हाती घेतले. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी अकादमीने 2016 मध्ये आणखी पुढे जाऊन अशी शिफारस केली की मुलाने वर्षातून एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या टप्प्यांनी, आपल्या प्रमुख खेळापासून दूर राहावे. ही शिफारस शाळा, क्लब आणि पालक अशा सर्वांना उद्देशून आहे. तिची सक्ती करण्याची यंत्रणा मात्र कोणाकडेही नाही. जुलै महिन्यात शाळांच्या व्यायामशाळांना कुलूप असते तेव्हा महाविद्यालयीन बास्केटबॉलचे निवडकर्ते, त्यांच्याच संघटनेने नेमून दिलेल्या दिवसांत, क्लबांच्या स्पर्धांच्या कडेला बसून मुलांची नावे टिपत असतात.