मिडी फूट कंट्रोलर : पायाने वाद्यांचे नियंत्रण

संगीत नाटकांतील पायपेटीचा भाता पायाने चालत असल्याने वादकाचे दोन्ही हात स्वरांसाठी मोकळे राहत. मिडी फूट कंट्रोलरचे तत्त्व तेच. मात्र हे यंत्र स्वतः आवाज काढीत नाही. वाद्याला केवळ आज्ञा पाठविते. १९८३ साली आलेल्या मिडी पद्धतीत एका केबलवर १६ चॅनेल असतात. बटण दाबताच १२८ क्रमांकांपैकी ठरविलेला टोन निवडला जातो. पेडलने ० ते १२७ या टप्प्यांत आवाज कमी-अधिक होतो. अमरावती-अकोल्याच्या गणेशोत्सवात वाजविणाऱ्या कीबोर्डवादकाला बासरीवरून सनईवर जाताना त्यामुळे हात उचलावा लागत नाही. मात्र दोन्ही उपकरणांचे चॅनेल आधीच जुळवून घ्यावेत; अन्यथा भर कार्यक्रमात बटण दाबूनही टोन बदलणार नाही.