जिव्हाश्मांचा कुलनिर्णय

पोथीचीं आद्यन्त पानें गहाळ झालीं असतां मधल्या सुट्या पानावरून तिचें कुल ठरविण्याचा प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांवर आला असेल. अशा वेळीं थोडें पाठसाम्य दिसतांच दोन पोथ्या एकाच घराण्यांतील मानण्याचा मोह होतो. या मोहाचें एक बोधप्रद उदाहरण प्राणिशास्त्राच्या इतिहासांत आढळतें, तें येथें देतों.

मेगॅलोडन ही नामशेष झालेली प्रचंड मुशी. मुशीचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असल्यानें सहसा टिकत नाहीं. म्हणून थोडे मणके वगळतां दांत हाच तिच्याविषयींचा मुख्य पुरावा होय. मुशींच्या अश्मीभूत दांतांस यूरोपांत पूर्वीं जिव्हाश्म म्हणत. ते आकाशांतून पडतात, ही समजूत रोमन ग्रंथकार प्लिनी यानें नमूद केली आहे. इ. स. १६१६ त फाबिओ कोलोन्ना यानें ते मुशीचे दांत असल्याचें लिहिलें. पुढें १६६६ त निकोलस स्टेनो यानें फ्लॉरेन्स येथें मुशीच्या शिराचें विच्छेदन केलें व पुढील वर्षीं तेंच मत सप्रमाण मांडलें.

लुई आगासी यानें १८३३ ते १८४३ या काळांत प्रसिद्ध केलेल्या जीवाश्म-मत्स्यांवरील ग्रंथांत या महाकाय दांतांच्या धन्यास ‘कार्कॅरोडॉन मेगॅलोडन’ असें नांव दिलें. दांतांचे काठ करवतीसारखे. तसेच ते आजच्या पांढऱ्या मुशीचे. सबब दोघांचा वंश एक, असा हा निर्णय होता.

परंतु पुढें जुन्या थरांतील दांत ओळीनें लावून पाहतां निराळेंच दिसलें. मेगॅलोडनची परंपरा ‘ओटोडस’ नामक प्राचीन मुशीपर्यंत जाते. तिच्या दांतांचे काठ गुळगुळीत असून मुख्य टोंकाच्या दोन्ही बाजूंस लहान उपदंत असत; पिढ्यानुपिढ्या काठ दंतुर झाले व उपदंत लोपले. पांढऱ्या मुशीचे पूर्वजही गुळगुळीत दांतांचेच, पण निराळ्या शाखेंतील. पेरू देशांत सांपडलेल्या व २०१२ त नामकरण झालेल्या ‘कार्कॅरोडॉन हबेली’ या जातीच्या दांतांवर करवत नुकती उमटूं लागलेली दिसते. म्हणजे करवत दोन्ही शाखांत स्वतंत्रपणें आली. ती वारशाची खूण नव्हे. म्हणून आज अनेक अभ्यासक ‘ओटोडस मेगॅलोडन’ असें लिहितात. कित्येक ‘कार्कॅरोक्लिस’ हें नांव राखतात.

दोन लेखकांनीं एकच दुरुस्ती आपापल्या बुद्धीनें केली, तर त्यांच्या पोथ्या सगोत्र ठरत नाहींत. कुल ठरतें तें मधल्या प्रती लावूनच. ग्रीक ‘मेगॅलोडन’ म्हणजे महादंत. आगासीचें हें उत्तरपद कायम राहिलें. पूर्वपद मात्र मधल्या प्रतींनीं बदललें.