बामणोली

बामणोली (कसबा) : सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातील शिवसागर जलाशयाच्या काठचे गाव व लाँचचा धक्का. याच तालुक्यातील कुडाळ तर्फेची बामणोली वेगळी. साताऱ्याहून कासमार्गे अंतर सु. ३६ किमी. पलीकडच्या काठावर कोयना अभयारण्य व वासोटा किल्ला असून तिकडे जाण्याची मुख्य वाट याच धक्क्यावरून आहे.

हे बंदर धरणाने घडवले. देशमुखवाडी (कोयनानगर) येथे १०३ मी. उंचीचा बांध घालून १९६०च्या दशकाच्या आरंभी कोयनेचे पाणी अडवल्यावर कोयना, सोळशी व कांदाटी यांची खोरी शिवसागरात बुडाली. शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ लागली. माणसे सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशा दूरच्या ठिकाणी वसवली गेली. जिथे पायवाटा होत्या तिथे लाँच आली. शेजारच्या तापोळ्याला जाहिरातींत ‘मिनी काश्मीर’ म्हणतात. पाण्याखाली लोकांची घरे असताना ते नाव या नोंदीत स्वीकारलेले नाही. जलाशयाची मूळ क्षमता ९८.७८ अब्ज घनफूट, दरवाज्यांची उंची वाढवल्यावर १०५.२५ अब्ज घनफूट.

परिसराचा इतिहास म्हणजे मुख्यतः वासोट्याचा इतिहास. घनदाट रान आणि कोकणाकडे तुटलेले कडे यांमुळे हा गड लढाईपेक्षा तुरुंग म्हणूनच अधिक वापरला गेला. जावळी घेतल्यानंतर, १६६० मध्ये, शिवाजी महाराजांनी तो घेतला. व्याघ्रगड हे त्याचे दुसरे नाव. राजापूरच्या वखारीतले इंग्रज १६६१ मध्ये पकडले गेले, त्यांतील काही येथे कैदेत होते. पुढे पेशवाईच्या उतरत्या काळात पंतप्रतिनिधींच्या पक्षाकडून ताई तेलीण हिने पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या वेढ्यापुढे हा गड सु. आठ महिने लढवला. दरबारी पाठबळ नसलेल्या एका स्त्रीचा हा पराक्रम किल्ल्याच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना मानावा लागेल. इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे कुटुंबीय आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी येथे अडकवून ठेवलेले होते. एप्रिल १८१८ मध्ये समोरच्या जुन्या वासोट्यावरून तोफा डागून जनरल प्रिट्झलरने गड घेतला. जुन्या वासोट्याचा बाबुकडा आणि नागेश्वरची गुहा आजही पाहण्याजोगी. गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीच्या नावातील ‘मेट’ म्हणजे पहाऱ्याची चौकी.

कोयना अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले (क्षेत्र ४२३.५५ चौ. किमी.). चांदोली राष्ट्रीय उद्यानासह त्याचा २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा व बफर मिळून क्षेत्र १,१६५.५७ चौ. किमी. २०१२ मध्ये कोयना, चांदोली व कासचे पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आले. गवा, अस्वल, भेकर, शेकरू व वानर आढळतात.

भात, नाचणी व वरी ही पिके. पुष्कळ कुटुंबांतील माणसे नोकरीसाठी मुंबईस असतात. पर्यटन व लाँच हे पूरक उत्पन्न.

वासोट्यासाठी वन विभागाची परवानगी काढावी लागते. लाँचला एक ते दीड तास, त्यापुढे दोन-तीन तासांची चढण. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. गडावर मुक्कामास मनाई आहे. अंधारापूर्वी धक्क्यावर परतावे लागते.