‘सेटलमेंट’ : एका संज्ञेचा सोलापुरी इतिहास

वसाहतकालीन प्रशासनाच्या परिभाषेतील ‘सेटलमेंट’ ही संज्ञा वरकरणी निरुपद्रवी आहे. स्थिरावणे, वस्ती करणे, तंटा मिटवणे, हिशेब चुकता करणे या साऱ्या क्रिया तिच्या अर्थव्याप्तीत येतात. मराठी मुलखात तिचा एक प्रवेश महसुलाच्या वाटेने झाला. १८३५-३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पाहणीने तीस वर्षांच्या मुदतीचे सारे ठरू लागले. या ‘सेटलमेंट’ला मराठीने ‘जमाबंदी’, ‘बंदोबस्त’ असे प्रतिशब्द योजले. मूळ फारसी ‘बंदोबस्ता’त बांधणे अनुस्यूत आहे. व्यवस्था आणि जखडणूक यांचे नाते हा शब्द झाकत नाही. इंग्रजी शब्द ते झाकतो.

हे झाकणे सोलापुरात उघडे पडते. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९११च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यात आला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’ उभी राहिली. कैकाडी, पारधी, टकारी आदी समूहांना तेथे हजेरी देणे भाग होते. बाहेर जाण्यास परवाना लागे. शहरातील कापडगिरण्यांना येथून मजूर मिळत. अन्यत्र ‘सेटलर’ म्हणजे परभूमीवर मालकी सांगणारा गोरा. सरकारी अहवालांत मात्र कुंपणाआडच्या माणसालाही तेच नाव होते. एकच शब्द जेता आणि बंदी या दोघांना लावला गेला.

निर्बंध शिथिल झालेल्यांची कुंपणाबाहेरची वस्ती ‘फ्री कॉलनी’ म्हटली गेली. विशेषण कुंपणाच्या संदर्भातच सार्थ होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. तथापि ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा सोलापूरकरांचा पत्ता म्हणून उरला. संज्ञेचे विशेषनाम झाले, की तिच्यातील सक्ती ऐकू येईनाशी होते.

‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) यांच्यानंतर भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची चर्चा करणाऱ्या समीक्षेला म्हणूनच या शब्दाकडे दुर्लक्ष करता येणार नाही. ‘सेटलमेंट’चे भाषांतर ‘वसाहत’ असे केले, तर कुंपण नाहीसे होते. ‘तुरुंग’ केले, तर सुधारणेची भाषा बोलणारी सत्ता नाहीशी होते. आजचा मध्यमवर्ग नोकरी-लग्नानंतर ‘सेटल’ होतो. तेथे क्रियापदाचा कर्ता तो स्वतः असतो. सोलापूरच्या कुंपणाआड माणूस त्याच क्रियापदाचे कर्म होता. शब्दाच्या इतिहासात हा व्याकरणिक फरकच निर्णायक ठरतो.