जाझ सॅक्सोफोनवादक, मुंबई-गोव्याचे
१९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला आणि शहरात जाझला जम बसला. पुढच्या पिढीतले वादक बहुतेक गोव्याचे. चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच स्वरलिपी शिकवली जाई. नोकरीसाठी मुंबई गाठताना तीच शिदोरी उपयोगी पडली. रूडी कॉटन या नावाने गाजलेले कावसजी खटाव मात्र पारशी होते.

या परंपरेतले सर्वांत कल्पक वादक ब्राझ गोन्साल्विस, मूळचे गोव्यातील नेवरा गावचे. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर त्यांनी पियानोवादक लुई बँक्स आणि गायिका पॅम क्रेन यांच्याबरोबर साथ केली. रागांच्या चौकटीत जाझची उत्स्फूर्तता बसवण्याचा त्यांचा प्रयत्न ‘रागा रॉक’ (१९७०) या ध्वनिमुद्रिकेत ऐकायला मिळतो. प्रयोग म्हणून तो आजही ताजा वाटतो. त्यांच्या पत्नी इव्होन या ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांच्या कन्या.

१९७८ मध्ये मुंबईत ‘जाझ यात्रा’ महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी अमेरिकी सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स आले. पण पोट जाझवर क्वचितच भरे, म्हणून अनेकांनी चित्रपटसंगीताची वाट धरली. मनोहारी सिंग (१९३१–२०१०) हे त्यांतले सर्वांत यशस्वी. कोलकात्याहून १९५८ मध्ये मुंबईत आलेले हे नेपाळी वंशाचे वादक राहुलदेव बर्मन यांचे प्रमुख संयोजक झाले. ‘सबसे बडा रुपय्या’ (१९७६) या चित्रपटाला त्यांनी बासू चक्रवर्ती यांच्यासह संगीत दिले.